प्लॅनर स्पीकर घरात बसवायचे कसे: आधी मागची भिंत बघा

प्लॅनर, म्हणजे डब्याऐवजी पातळ फिल्मचं मोठं पॅनेल असलेले स्पीकर, घेतले आणि महिन्याभरात विकायला काढले, कारण विचारलं तर "बेसच नाही हो, आवाज पातळ येतो". हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न एकच विचारतो, भिंतीपासून किती लांब ठेवलेत? उत्तर ठरलेलं, एक फूट, दीड फूट. मग आवाज पातळ येणारच. स्पीकरचा त्यात काही दोष नाही, आणि अँप (अँप्लिफायर) बदलून, केबल बदलूनही त्यात फरक पडत नाही. मी स्वतः चार वेगवेगळ्या खोल्यांत प्लॅनर लावलेत, मित्रांकडे लावून दिलेत ते वेगळेच, आणि दर वेळी ऐंशी टक्के काम जागेचंच निघालंय. म्हणून बाकीचं पटकन उरकतो आणि जागेवर सविस्तर लिहितो.

1. अँप

वॉटच्या आकड्यावर जाऊ नका, 4 ओहमच्या स्पीकरला काय देतो ते बघा (ओहम कमी तेवढा स्पीकर जास्त करंट ओढतो). 8 ओहमला 100 वॉट देणारा अँप 4 ओहमला 200च्या जवळ जात असेल तर त्याच्यात करंट आहे, आणि 4 ओहमचा आकडाच छापला नसेल तर तो अँप सोडून द्या. मॅग्नेपॅन कंपनीच्या पॅनेलसारख्या, चुंबकाने फिल्म हलवणाऱ्या मॅग्नेटिक पॅनेलवर सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला किती जोरात वाजतो तो आकडा) 86 डीबी लिहिलेली असते, पण ती 2.83 व्होल्टला. 4 ओहमवर 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॉट झाले, तेव्हा 1 वॉटला 83च धरा. इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे चुंबकाऐवजी हजारो व्होल्टच्या चार्जवर फिल्म हलवणारा, असेल तर गोष्ट अजून वेगळी, तो अँपला कपॅसिटरसारखा दिसतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला इंपिडन्स (ओहममधला रोध) घसरत घसरत कित्येक मॉडेलमध्ये 2 ओहमच्याही खाली जातो, आणि अशा लोडवर साधा रिसीव्हर गरम होतो नाहीतर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो.

2. जोडणी

लाल लालला, काळा काळ्याला. दोन स्पीकरपैकी एक उलटा लागला तर गाणाऱ्याचा आवाज मधे न येता खोलीभर पसरतो, तेवढं एकदा तपासा. इलेक्ट्रोस्टॅटिकला भिंतीच्या प्लगमधून वीज लागते हेही विसरू नका.

3. जागा

आता मुख्य काम. आधी हे समजून घ्या की प्लॅनरला डबा नसतो. पातळ फिल्मचं मोठं पॅनेल असतं, ते पुढे-मागे हलतं आणि जेवढा आवाज पुढे फेकतं तेवढाच मागे फेकतं, पण मागचा आवाज उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे हवेचा दाब वाढतो तेव्हा मागे घटतो. यालाच डायपोल म्हणतात. हा मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. डब्याचा स्पीकर भिंतीला टेकवला की बेस वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तोच सल्ला प्लॅनरलाही देतात. प्लॅनरला बरोब्बर उलटं होतं. भिंतीच्या जवळ नेलं की उलट्या फेजचा आवाज लगेच परत येऊन पुढच्या बेसला खाऊन टाकतो.

मी स्वतः या सल्ल्यापायी सहा महिने घालवलेत. माझी पहिली जोडी भिंतीपासून 45 सेंटिमीटरवर होती, बेस कमी वाटला म्हणून एका जाणकार माणसाच्या सांगण्यावरून अजून मागे ढकलली, मग अजून कमी झाला, मग मागे फोम लावला, तर ट्रेबलची जान गेली आणि बेस होता तिथेच. तेव्हा कोणीतरी फक्त एवढं सांगायला हवं होतं की स्पीकर पुढे ओढून बघ.

गणित सोपं आहे आणि ते एकदा करून बघाच. आवाजाचा वेग 343 मीटर प्रति सेकंद, त्याला पॅनेल ते भिंत या अंतराच्या दुपटीने भागा. जी फ्रिक्वेन्सी येईल तिथे खड्डा पडतो. 45 सेंटिमीटरला तो खड्डा 380 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे माणसाच्या आवाजाच्या ऐन मधोमध. 1 मीटरला 171 हर्ट्झ, दीड मीटरला 114. खड्ड्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीला उलट मदत होते, तिथे दोन्ही आवाज एकत्र येतात. 45 सेंटिमीटरला ही मदत 190 हर्ट्झला मिळते आणि तिथून खाली सगळं घसरायला लागतं, 1 मीटरला ती 86 हर्ट्झला मिळते, आणि बेस म्हणून आपल्याला जे हवं असतं ते तिथेच आहे. खऱ्या खोलीत जमीन, छत, बाकीच्या भिंतीही गोंधळ घालतात त्यामुळे आकडे थोडे इकडे तिकडे होतात, पण दिशा बदलत नाही.

दुसरा फायदा वेळेचा. 45 सेंटिमीटरवर मागचा आवाज अडीच मिलिसेकंदांत परत येतो, कान त्याला वेगळा धरत नाही, मूळ आवाजच गढूळ वाटतो. 1 मीटरला पावणेसहा, दीड मीटरला पावणेनऊ मिलिसेकंद. एवढा उशीर झाला की मेंदू त्याला आवाजातली खोली (डेप्थ) म्हणून ओळखतो, आणि प्लॅनरमध्ये गाणारा स्पीकरच्या मागे कुठेतरी उभा आहे असं जे वाटतं ना, ते यातूनच येतं. तेवढ्यासाठीच तर प्लॅनर घ्यायचे.

तर असं करा. आधी खुर्ची ठेवा, स्पीकर नाही. तुमच्या डोक्यामागे भिंत असेल तर किमान 1 मीटर सोडा. मग दोन्ही पॅनेल स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून 1 मीटरवर उभी करा, 1 मीटर कमीत कमी, खोली मोठी असेल तर दीड. दोन स्पीकरमधलं अंतर खुर्चीपर्यंतच्या अंतराच्या पाऊण पट धरा. बाजूच्या भिंतींची फार काळजी नको, डायपोल बाजूला जवळजवळ आवाजच फेकत नाही, त्यामुळे दीड-दोन फूट सोडले तरी चालतं. अरुंद लांब खोल्यांत प्लॅनर म्हणूनच छान चालतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आता तबल्याचं एकल वादन लावा, चांगलं रेकॉर्डिंग, आणि फक्त डग्ग्याकडे कान ठेवा. मनगटाने दाब देऊन डग्ग्याचा सूर खालून वर ओढतात, तो घुमारा पूर्ण प्रवासात सारखा भरलेला राहायला पाहिजे. मधेच एका जागी तो पोकळ झाला, जणू हात क्षणभर उचलला, तर तिथे खड्डा आहे. दोन्ही पॅनेल 10 सेंटिमीटर पुढे घ्या, परत तेच 20 सेकंद ऐका. परत 10. कुठेतरी घुमारा सलग होतो, तिथे थांबा, मग 2-2 सेंटिमीटरने पुढे-मागे करून बघा. प्रत्येक जागेला जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि त्यावर अंतर लिहा, नाहीतर अर्ध्या तासाने कुठलं चांगलं होतं ते आठवत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे मी ओरडून सांगतोय असं समजा, कारण लोक अंतर पण बदलतात, तिरपेपणा पण बदलतात, वर नवीन केबल पण लावतात आणि मग कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

अंतर ठरलं की तिरपेपणा, म्हणजे टो-इन. इथे गाणं बदला, एकट्या माणसाचा आवाज असलेलं मोनो रेकॉर्डिंग घ्या. पॅनेल रुंद असल्यामुळे वरचा आवाज टॉर्चसारखा सरळ जातो. 1 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 34 सेंटिमीटर, त्याच्या वर लांबी पॅनेलच्या रुंदीपेक्षा लहान होत जाते आणि झोत अरुंद होत जातो. जुनंच दुखणं आहे हे. क्वाड कंपनीने आपला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक 1957 मध्ये आणला, पुढे 1981 मध्ये आलेल्या ईएसएल-63 मध्ये गोल कड्या करून प्रत्येक कडीला थोडा थोडा उशीर दिला, म्हणजे सपाट पॅनेलमधून आवाज मागच्या एकाच बिंदूतून आल्यासारखा पसरावा. मार्टिन लोगन या दुसऱ्या कंपनीने पॅनेलच वक्र केलं. त्या वक्र पॅनेलसाठी एक युक्ती आहे, अंधारात खुर्चीवर बसा, हनुवटीखाली टॉर्च धरा, तिचं प्रतिबिंब पॅनेलच्या आतल्या एक तृतीयांश भागात दिसलं पाहिजे. सपाट पॅनेलला मात्र कानावरच भरवसा. थोडं थोडं आत वळवत जा, गाणाऱ्याचा आवाज मधे घट्ट होतो, अजून वळवलं की तोंड लहान होतं आणि स, श टोचायला लागतात, तिथून जरा मागे या.

आणि आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला ते, दोन्ही बाजूंची बरोबरी. प्लॅनरमध्ये 1 सेंटिमीटरचा फरकसुद्धा ऐकू येतो, मधला आवाज एका बाजूला सरकतो आणि आपण रेकॉर्डिंगला दोष देत बसतो. मेजरिंग टेप एकट्याने धरता येत नाही, मधे झोळ पडतो. न ताणणारा जाड दोरा घ्या, खुर्चीच्या पाठीला कानाच्या उंचीवर मधोमध बांधा, डाव्या पॅनेलच्या आतल्या कडेपर्यंत ताणून गाठ मारा, मग बाहेरच्या कडेपर्यंत दुसरी गाठ. तोच दोरा उजवीकडे न्या. दोन्ही गाठी दोन्ही कडांना बसल्या पाहिजेत, एकच गाठ जुळली तर अंतर बरोबर असेल पण तिरपेपणा चुकलेला असतो. माझ्या दोऱ्याची आतली गाठ जुळायची आणि बाहेरची दीड सेंटिमीटर चुकायची, आणि तेवढ्यावरून मी कित्येक आठवडे उजवा ट्विटर (वरचे सूर वाजवणारा भाग) खराब झालाय असं धरून चाललो होतो. पॅनेल मागे किती झुकलंय तेही दोन्हीकडे सारखं पाहिजे, मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप वरच्या कडेला टेकवून बघा.

ट्विटर एका कडेला असलेले पॅनेल असतील तर डावं-उजवं अदलाबदल करून ट्विटर आत आणि ट्विटर बाहेर असं दोन्ही ऐका. आत ठेवले तर मधला आवाज घट्ट, बाहेर ठेवले तर पसारा मोठा. मी आतच ठेवतो.

मागच्या भिंतीवर काय लावायचं? पहिले दोन महिने काहीच नाही. पातळ फोम तर कधीच नको, तो फक्त वरचा आवाज खातो, 200-300 हर्ट्झला तो असून नसल्यासारखा. मागे काही हवंच असेल तर पुस्तकांचं कपाट ठेवा, लहानमोठी, आतबाहेर सरकलेली पुस्तकं. त्याने आवाज मरत नाही, विखुरतो.

घरातले म्हणणार की खोलीच्या मधोमध हे दोन दरवाजे काय उभे केलेत. रास्त आहे त्यांचं म्हणणं. पॅनेल तसे हलके असतात, पायाखाली फेल्ट लावा, ऐकताना चिकटपट्टीच्या खुणेवर आणा आणि झालं की भिंतीशी परत. मी रोज असंच करतो, एक मिनिटाचं काम आहे. 40 सेंटिमीटरवर कायमचे ठेवून वर्षभर चुकीचं ऐकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

4. सबवूफर

जागा पक्की झाल्याशिवाय सबवूफर (फक्त खालच्या बेससाठीचा वेगळा स्पीकर) जोडू नका, नाहीतर खड्डा झाकला जातो आणि तुम्हाला कळतही नाही. जोडलात तर 50-60 हर्ट्झच्या खालीच ठेवा, बंद डब्याचा घ्या, आणि आवाज इतपतच वाढवा की बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटेल पण चालू असताना तो कुठे ठेवलाय ते सांगता येणार नाही. पॅनेलचा बेस झटकन थांबतो, त्याच्याशेजारी रेंगाळणारा सब लगेच उघडा पडतो.

5. देखभाल

पॅनेलवर थेट ऊन नको, फिल्म आणि गोंद दोन्हीला ते मारक आहे. मॅग्नेटिक पॅनेलजवळ टाचण्या, स्टेपलर, लोखंडी चुरा येऊ देऊ नका, जाळीतून आत खेचलं गेलेलं काही बाहेर काढणं महाकठीण. एखाद्याच सुरावर घरघर आली की लगेच फिल्म सुटली म्हणून घाबरू नका, आधी मागचे स्क्रू, फ्यूज, जंपर (टर्मिनल जोडणाऱ्या पट्ट्या) हाताने घट्ट करून बघा. माझ्या डाव्या पॅनेलची घरघर एका अर्ध्या फेऱ्याने ढिल्या स्क्रूची होती, नख लावलं की थांबायची. इलेक्ट्रोस्टॅटिकच्या आत काही हजार व्होल्ट असतात, तेव्हा साफ करायच्या आदल्या रात्रीच प्लग काढून ठेवा, चार्ज पूर्ण उतरू द्या आणि सकाळी व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून समोरून धूळ ओढा. ओलं फडकं किंवा स्प्रे अजिबात नाही.

दोरा फेकू नका. पॅनेल रोज हलवता म्हणजे महिन्यातून एकदा दोन्ही गाठी परत लावून बघायच्या, माझा दोरा खुर्चीच्या मागेच एका खिळ्याला गुंडाळलेला असतो.