पोरांना 'कशावरून?' विचारायची सवय लावा (आणि मग भोगा)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर एक पत्र आलं, जिल्हाधिकारी कार्यालयाचं लेटरहेड, गोल शिक्का, खाली सही, अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी. लेक तेव्हा सहावीत, धाकटा तिसरीत, दोघं सोफ्यावर नाचायलाच लागले, अर्धवट भरलेलं दप्तर तसंच पडलं आणि खरं सांगायचं तर उद्या डब्याला काय द्यायचं हा प्रश्न मिटला म्हणून मीही खूष. मग लेकीनेच मिरवायला म्हणून ते पत्र झूम केलं, मोठ्याने वाचायला लागली आणि मधेच थांबली. पत्रात 'उद्या गुरुवारी' असं लिहिलेलं आणि दुसऱ्या दिवशी होता मंगळवार. नीट बघितलं तर तारखेतल्या वर्षाचा शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा जाड, वेगळ्याच फॉन्टमधला. कुणीतरी जुनं पत्र काढून आकडा बदलून सोडून दिलेलं. रडकुंडीला येऊन म्हणते, आई मी कशाला वाचलं गं.

तर माझं पहिलं सांगणं हेच, सुरुवात इथून करा. म्हणजे जी बातमी पोरांना खरी असायला हवी आहे तिथून. आपण काय करतो, गावच्या काकांचं एखादं येडपट फॉरवर्ड दाखवतो आणि म्हणतो बघ लोक कसे कशावरही विश्वास ठेवतात. पोरं हसतात, आणि शिकतात एवढंच की लोक मूर्ख असतात नि आपण हुशार. त्याचा काही उपयोग नाही. सुट्टीची बातमी, आवडत्या क्रिकेटरची बातमी, एखादा गेम फुकट मिळतोय ही बातमी, अशा वेळी स्वतःचं मन कसं घाईला येतं ते एकदा पकडता आलं की बाकी अर्धं काम झालं. आमच्याकडे आता ठरलंय, काही वाचून खूप आनंद झाला, खूप राग आला किंवा जाम भीती वाटली की आधी दोन मिनिटं फोन उलटा ठेवायचा. मला स्वतःला हे दहातल्या चार वेळा जमतं, पण असो.

दुसरी गोष्ट म्हणजे एक शब्द, 'कशावरून?' मराठीत हा इतका छान तयार शब्द आहे की त्याच्यासाठी कुठला कोर्स लावायची गरज नाही. तू हे म्हणतोयस ते कशावरून? सुरुवातीला पोरं 'व्हिडिओत होतं' एवढंच सांगतात, मग पुढचं विचारायचं, व्हिडिओ कोणी काढला, त्याला कसं कळलं, तो तिथे होता का, आणि हे कधीचं आहे? 'कधीचं' हा प्रश्न सगळ्यात जास्त कामाला येतो बरं का, कारण खोट्या म्हणून फिरणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळात खोट्या नसतातच, जुन्या असतात किंवा दुसऱ्याच गावच्या असतात. मुंबईतल्या पुराचा फोटो खराच असतो, फक्त तो २००५ चा असतो.

फोटो तपासायला तिसरीतलं पोरही शिकतं. स्क्रीनशॉट काढायचा, गुगल लेन्समध्ये टाकायचा आणि तोच फोटो आधी कुठे कुठे आलाय ते बघत खाली खाली जायचं, जितकी जुनी तारीख सापडेल तितकं बरं. सरावाला उत्तम फोटो म्हणजे तो दिवाळीच्या रात्री नासाने अंतराळातून काढलेला भारत, रंगीबेरंगी चमचमणारा. तो दिवाळीचा नाहीच. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या शास्त्रज्ञाने उपग्रहाच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते चित्र बनवलेलं, त्यात पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे, थोडक्यात वस्ती कशी वाढत गेली त्याचा नकाशा. २०१२ मध्ये नासाने दिवाळीच्या रात्रीचा खरा फोटो दिला तर तो अगदीच साधा, दिवाळीचा उजेड वरून वेगळा असा कळतही नाही. हे सांगितल्यावर लेक जरा हिरमुसली पण नंतर तो रंगांचा नकाशाच तिला जास्त आवडला, मुंबई पुण्याच्या आसपास लाल किती आहे ते शोधत बसली.

अशी फॉरवर्ड सणांसारखी असतात, वर्षाच्या वर्षाला येतात. ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार (हे २००३ पासून चालू आहे, तेव्हा मंगळ खरंच खूप जवळ आला होता, पण जवळ म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरच्या वर), पावसाळ्यात सुट्टीचं पत्र, दिवाळीत नासा. आम्ही ती कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहून ठेवलीत. धाकटा वाट बघत असतो, आला का आला का मंगळ.

आता टीव्ही. ह्याचा एक खेळ आहे तो जरूर करा, पाच मिनिटं लागतात. बातम्या लावा, एखादी 'मोठी बातमी' सुरू झाली की आवाज बंद करा. नुसतं बघायचं. ढॅण ढॅण म्युझिक गेलं, अँकरचा चढलेला सूर गेला की पोरांना दिसायला लागतं की सात सेकंदांची एकच क्लिप आठ वेळा फिरतेय, त्यातला माणूस फक्त गाडीतून उतरतोय, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'संग्रहित' किंवा 'फाइल' लिहिलंय, म्हणजे हे आजचं नाहीच. मग आवाज चालू करायचा आणि विचारायचं, आता काय वेगळं वाटलं? धाकटा म्हणाला, आता भांडण झाल्यासारखं वाटतंय. बस, यापेक्षा जास्त समजावायची गरज नाही.

पेपर घरी येत असेल तर सोन्याहून पिवळं, आणि येत नसेल तर रविवारी तरी दोन वेगवेगळे पेपर घ्या. एकच बातमी दोन्हीकडे काढायची आणि पोरांना क्रियापदांवर पेन्सिलने गोल करायला लावायचे. एकीकडे नेता 'म्हणाला', दुसरीकडे त्याने 'टोला लगावला' नाहीतर 'आगपाखड केली', वाक्य मात्र तेच. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तर आमच्याकडे नियम आहे की उत्तर 'माहीत नाही' असं धरून चालायचं. 'सूत्रांच्या माहितीनुसार' दिसलं की सूत्रं कोण ते विचारायचं, आणि सांगायचंही की कधीकधी नाव लपवण्याला खरं कारण असतं, माणसाची नोकरी जाऊ शकते. बातमी कोणती आणि अग्रलेख कोणता, हे तर सातवी आठवीपर्यंत यायलाच हवं, कितीतरी मोठ्यांना येत नाही.

आणि जाहिरात. पहिल्या पानासारखंच दिसणारं पान, तसेच कॉलम, तसेच मथळे आणि वर कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात 'जाहिरात', ते कोण आधी शोधतंय अशी शर्यत लावा. मोठ्या पोरांना पेड न्यूजबद्दल, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातीबद्दल सांगता येईल, महाराष्ट्रातल्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पेपरांत एकाच नेत्याबद्दलचा मजकूर शब्दशः सारखा छापून आलाय. पोरांना हे लगेच पटतं, दोन वह्यांत सेम चूक सापडली की बाई काय म्हणतात ते त्यांना पक्कं माहीत असतं. रील्सवालेही यात आले. जाहिरातीचे पैसे घेतले असतील तर पोस्टवर तसं लिहा असा जाहिरात क्षेत्राच्या अॅस्की या संस्थेचा नियम २०२१ पासून आहे, त्यामुळे 'पेड पार्टनरशिप' शोधायचं, आणि नसेल तरी हा माणूस एवढ्या प्रेमाने शाम्पू का दाखवतोय हे विचारायचं.

एआयचे व्हिडिओ ओळखायला बोटं मोजा, ओठ बघा वगैरे सांगतात ते मी सोडून दिलंय, दर सहा महिन्यांनी ते फसवं ठरतं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा असाच खोटा व्हिडिओ फिरला, त्यात तो स्वतः एका गेमिंग अॅपची भलामण करतोय आणि म्हणतोय की माझी मुलगी यातून पैसे कमावते. शेवटी सचिनलाच सांगावं लागलं की हा मी नाही. तर व्हिडिओकडे टक लावून बघण्यापेक्षा बाहेर जाऊन बघायचं, त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर आहे का, आणखी कुणी ही बातमी दिलीय का. आणि यात पैसे कुणाला मिळतायत?

घरातल्या आजीला यात घ्याच. माझ्या सासूबाई २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीला दूध पाजायला रांगेत उभ्या होत्या, स्वतः सांगतात, चमच्यातलं दूध खरंच कमी झालं! तेव्हा कुठलं व्हॉट्सअॅप, ही बातमी लँडलाइनवरून दिल्लीपासून देशभर पोचलेली. पोरांनी लगेच चमचा आणि देवघरातली मूर्ती आणली (आधी परवानगी घेतली). काठोकाठ भरलेला चमचा जरा तिरका करून सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून बारीक ओघळून खाली जातं, पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध कुणाला दिसणार? दुधात कुंकू घाला म्हणजे ओघळ दिसतो. आजी म्हणाल्या, मग आम्ही वेड्या होतो का? लेक म्हणाली, नाही आजी, तुम्ही बघितलं ते खरंच होतं, फक्त दूध कुठे गेलं ते नाही बघितलं. मला हे एवढं छान सुचलं नसतं.

मोठ्यांना दुरुस्त करण्याचा मामला मात्र नाजूक. ग्रुपवर सगळ्यांसमोर 'काका हे फेक आहे' असं टाकू द्यायचं नाही. वेगळा मेसेज करायचा, 'काका, हे २०१९ चं दिसतंय, ही लिंक बघाल का?' काका उत्तर देत नाहीत, पण पुढच्या वेळी पाठवायच्या आधी थोडं थांबतात, निदान आमचे तरी.

तेरा चौदा वर्षांच्या पोरांना राईनपाडा सांगा. त्याच्या आधी नको. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं गाव, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. त्या दिवसांत देशभर एक क्लिप फिरत होती, बाईकवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात. ती कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधली होती, मूळ फिल्ममध्ये ते परत येतात, पोराला सोडतात आणि पालकांनी लक्ष ठेवा अशी पाटी दाखवतात. शेवट कापून पुढे पाठवलेलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली, आणि आता मेसेजवर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय असं समजायचं. ते बाण आपल्या फोनवर पोरांना दाखवा. मी लेकीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, ते शेवट कापणारं कोण होतं? सांगता आलं नाही.

एक धोका आधीच सांगते. मध्ये महिनाभर आमच्याकडे 'सगळं फेक आहे' असं सुरू झालं होतं, भूगोलाचं पुस्तकसुद्धा. हे गाढवासारखं सगळं मानण्याइतकंच वाईट. त्यामुळे विश्वास कुठे ठेवायचा तेही शिकवा. पावसाचा इशारा हवामान खात्याच्या साइटवर स्वतः बघायचा, सुट्टी शाळेच्या अधिकृत मेसेजवर, केंद्र सरकारच्या योजनेबद्दल शंका आली तर त्यांच्याच पीआयबी या माहिती देणाऱ्या कार्यालयाचं फॅक्ट चेक आहे. आणि पेपरात कधी 'दुरुस्ती' म्हणून चौकट आली तर ती कापून दाखवा, चूक कबूल करणारा पेपर जास्त भरवशाचा की कधीच न करणारा, ह्यावर आमच्याकडे पूर्ण जेवणभर वाद चालला.

आणि हो, हे सगळं तुमच्यावर उलटणार आहे. परवा मी लेकीला म्हटलं ओल्या केसांनी झोपू नकोस, सर्दी होते. 'कशावरून?' मी म्हटलं माझी आई सांगायची. तिने लगेच स्पीकरवर फोन लावला. आई म्हणाली, तिला तिच्या सासूबाई सांगायच्या. त्यांना कोणी सांगितलं? आई म्हणाली, बाई, आता त्यांना कुठून विचारू? लेकीने माझ्याकडे बघत हवेत दोन बोटांनी दोन बाण काढले आणि ओले केस घेऊन झोपायला गेली.