घाट चढेल तेच इंजिन: ओपनटीटीडीच्या नाशिक नकाशासाठी जुन्या गाड्या कशा निवडायच्या

ओपनटीटीडी या वाहतूक-व्यवसायाच्या संगणक-खेळात कसारा ते मनमाड असा नकाशा मांडला आणि त्यासाठी इंजिन-डब्यांचा स्वतःचा संच बनवायला घेतला की पहिला मोह होतो तो नावाजलेली इंजिनं गोळा करण्याचा. साहिब, सिंध, सुलतान घ्या, वाफेचं डब्ल्यूपी घ्या, डिझेलचं डब्ल्यूडीएम-२ तर हवंच. बघता बघता यादी चाळिसावर जाते आणि खेळताना विकत घेतली जातात त्यातली पाच. बाकीची चित्रं काढण्यात गेलेले महिने फुकट. म्हणून यादी उलट्या बाजूने करायला घ्या: आधी काम, मग वर्ष आणि शेवटी इंजिन. त्या वर्षी ते काम दुसरं कोणी करत नसेल, तरच इंजिनाला जागा. साहिब, सिंध, सुलतान १८५३ साली बोरीबंदर-ठाणे धावली. रूळ इगतपुरीला पोचले १८६५ मध्ये. या नकाशावर त्यांना कामच नाही, ती सोडून द्या.

आपल्या पट्ट्यात कामं मोजकी आहेत. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत थळ घाट. इगतपुरीपुढे देवळाली, नाशिकरोड, निफाड, लासलगाव, मनमाड ही पठारावरची धाव. मनमाडला येऊन मिळणारी मीटरगेज. आणि मालाची ने-आण: एकलहऱ्याचा कोळसा, लासलगावचा कांदा, पानेवाडीचं इंधन. यात घाटाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तिथे हिशेब चुकला तर बाकी सगळा संच खोटा वाटतो.

थळ घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. खेळात ट्रेनसाठी उताराची तीव्रता मुळातच ३ टक्के असते, म्हणजे जवळपास खरा घाट आयता मिळतो. फक्त प्रवेगाचं मॉडेल 'रिअलिस्टिक'वर आहे ना ते बघा, आणि मालाच्या वजनाचा गुणक १ वर ठेवा. दुसरी गोष्ट, खेळात गाडीचा जेवढा भाग चढाच्या चौकटींवर असतो तेवढ्यालाच चढ लागतो. सात चौकटींची गाडी आणि दोन चौकटींचा चढ असेल तर इंजिनाला घाम फुटणारच नाही. गाडीच्या लांबीइतक्या तरी सलग चढाच्या चौकटी ठेवा.

आता आकडेमोड. इंजिन धरून ५०० टनांची गाडी ३७ ला १ चढावर आहे. ५०० भागिले ३७ म्हणजे साडेतेरा टन ओढ, सुमारे १३२ किलोन्यूटन. हाच भार ताशी ५० किलोमीटरने वर न्यायचा तर लागतात १८४० किलोवॅट, म्हणजे साधारण २४७० एचपी. घर्षण अजून धरलेलंच नाही. १९२८ पासून आलेल्या डब्ल्यूसीजी-१ या डीसी (एकदिश) विजेवरच्या इंजिनाची ताकद होती २६०० एचपी. म्हणजे पाचशे टन आणि पन्नासचा वेग ही त्याची हद्द. त्याहून जड मालगाडीला कसाऱ्याला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लावावेच लागतात, ते या आकड्यावरून कळतं. खेळात बँकर वाटेत लावता-काढता येत नाहीत. त्यावर उपाय एकच: घाटावरून जाणाऱ्या मालगाडीला कायमचं दुसरं इंजिन जोडा आणि चालवायचा खर्च वाढला तर वाढू द्या. नसलेली ताकद इंजिनात भरू नका.

डब्ल्यूसीजी-१ म्हणजे आपल्याकडचा 'खेकडा'. एकूण ४१ इंजिनं, स्वित्झर्लंडच्या एसएलएम आणि इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यांची. दोन्ही टोकांना लांब, बसकं नाक, मधे केबिन, चाकं बाहेरच्या दांड्यांनी जोडलेली, आणि वळणावर अंग तीन जागी मोडतं. हे एकाच सलग चित्रात काढलं तर वळणावर नाक रुळाबाहेर लोंबतं. तीन जोडभाग करा: नाक, केबिन, नाक. इथे एक खाचखळगा आहे. जोडभागांचं वजन आणि ताकद खेळ मोजतच नाही, फक्त पहिल्या भागाची मोजतो. सगळे १२५ टन आणि २६०० एचपी पहिल्या नाकावरच लिहा, नाहीतर कागदावर बरोबर असलेलं इंजिन घाटात लंगडं पडेल.

सगळ्यात जास्त संच बिघडतात ते ओढीच्या गुणांकामुळे, म्हणजे इंजिनाच्या वजनाचा किती हिस्सा ओढीत उतरतो त्या आकड्यामुळे. एनएमएलमध्ये (असे संच लिहिण्याच्या भाषेत) तो न लिहिल्यास ०.३ धरला जातो आणि इंजिनाच्या पूर्ण वजनाला लागतो. बहुतेक विजेच्या आणि डिझेल इंजिनांत सगळी चाकं ओढतात, तिथे हे चालून जातं. वाफेच्या इंजिनात टेंडरचं (मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याचं) वजन ओढीला उपयोगाचं नसतं. डब्ल्यूपी टेंडरसह १७० टनांच्या घरात जातं. ०.३ ने गुणलं तर ओढ येते ५०० किलोन्यूटन. खऱ्या डब्ल्यूपीची ओढ १३६. म्हणून १३६ ला १७० गुणिले ९.८ ने भागा, गुणांक येतो ०.०८. हा आकडा लिहिला की डब्ल्यूपी घाटात पाचशे टनांवर अडकतं, आणि ते तसंच अडकायला हवं. डब्ल्यूपी हे सपाटीवर मेल पळवणारं इंजिन, घाट त्याचा प्रांत नाही.

वर्षं टाकताना दोन चुका हमखास होतात. पहिली, 'मॉडेल लाइफ'मध्ये इंजिन किती वर्षं धावलं ते लिहिलं जातं. तिथे हवी असतात कारखान्यातून नवीन इंजिनं बाहेर पडण्याची वर्षं. डब्ल्यूजी हे मालगाडीचं वाफेचं इंजिन चित्तरंजनला १९५० पासून बनलं आणि वाफेचं ब्रॉडगेज इंजिन तिथे शेवटचं बनलं १९७० मध्ये, म्हणून मॉडेल लाइफ २०. इथे ४५ लिहिलंत तर १९९० मध्येही कोरं करकरीत डब्ल्यूजी विकत मिळेल. एकेका इंजिनाचं आयुष्य 'व्हेइकल लाइफ'मध्ये, ते खुशाल ३५-४० ठेवा. 'वाहनं कधीच कालबाह्य होत नाहीत' हा पर्याय बंद असू द्या, नाहीतर ही सारी मेहनत वाया. दुसरी चूक: खेळ सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या पुढची तारीख असेल तर खेळ तीत ० ते ५११ दिवस आपल्या मनाने वाढवतो. १९५५ चं डब्ल्यूसीएम-१ त्यामुळे १९५६ च्या मध्यावर उगवू शकतं. साल पाळायचं असेल तर तारीख आठ-नऊ महिने आधीची द्या.

घाटाची रांग अशी लागते. १९२८ पासून डब्ल्यूसीजी-१ मालाला आणि डब्ल्यूसीपी-१ प्रवासी गाडीला. १९५५ मध्ये डब्ल्यूसीएम-१. १९६१ चं डब्ल्यूसीएम-५ हे चित्तरंजनला बनलेलं पहिलं विजेचं इंजिन, नाव 'लोकमान्य'. कामाच्या हिशेबाने ते डब्ल्यूसीएम-१ च्या जागेवरच येतं, तरी हे एक ठेवा, त्याचा मान मोठा आहे. १९७० पासून बँकर म्हणून डब्ल्यूसीजी-२. डब्ल्यूसीएम-२ ते ४ गाळली तरी खेळणाऱ्याला फरक कळणार नाही.

पठारावर चित्र वेगळं. घाटात १९३० पासून वीज असली तरी इगतपुरीच्या पुढे साठचं दशक सरेपर्यंत वाफ होती. मग २५ केव्ही एसी (प्रत्यावर्ती) विजेच्या तारा आल्या आणि इगतपुरी हा डीसी-एसीचा सांधा झाला, २००६ च्या सुमारास घाटातला डीसी जाईपर्यंत. खेळात हे दाखवायचं तर दोन रूळप्रकार करा, डीसी आणि एसी. दोघांना एकमेकांशी 'कम्पॅटिबल' ठेवा, पण 'पॉवर्ड' यादी वेगळी. डीसी इंजिन एसी रुळावर गेलं की वीज नाही म्हणून जागच्या जागी उभं राहतं. स्टेशनात इंजिन बदलण्याची सोय ओपनटीटीडीत नाही, त्यामुळे इगतपुरीला प्रवासी 'ट्रान्सफर' करून दुसऱ्या गाडीत चढवावे लागतात. पंचवटी १९७५ साली सुरू झाली, ती मनमाड-मुंबई एका दमात न्यायची असेल तर हा खटाटोप जड जातो. नवशिक्यांनी एकच विजेचा रूळ ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन प्रकार केलेतच, तर दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनासाठी तिसरा, लपवलेला रूळप्रकार करता येतो, जो दोन्हींवर 'पॉवर्ड' असेल. १९७५ चं डब्ल्यूसीएएम-१ खरं तर पश्चिम रेल्वेचं, म्हणून आपल्या नकाशावर १९९७ चं डब्ल्यूसीएएम-३ घ्या. एसीवर ५००० एचपी, डीसीवर ४६००. चालू रूळप्रकार बघून ताकद बदलणारा कॉलबॅक (खेळ चालू असताना आकडा ठरवणारा कोडचा तुकडा) लिहिला की दोन्ही आकडे खरे उतरतात.

मनमाडच्या मीटरगेजला वाफेचं एक वायजी, एक वायपी आणि पुढे डिझेलचं वायडीएम-४ एवढं पुरे. नव्वदच्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला. दोन्ही गेजचे फलाट कंट्रोल दाबून एकाच स्टेशनाला जोडा आणि मीटरगेज गाडीला 'ट्रान्सफर करून रिकामी निघ' असा हुकूम द्या. पोती एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढवण्याचं काम त्यातच आलं. नाशिकरोड ते गाव अशी १८८९ ची घोडा-ट्राम मात्र रेल्वेत धरू नका, ती रस्त्यावरच्या वाहनांत जाते.

डबे विसरू नका. इंजिन १९३० चं आणि मागे आयसीएफचे डबे, हे फार खटकतं. पेरांबूरचा तो कारखाना सुरू झाला १९५५ मध्ये. त्याआधी लाकडी डबे हवेत. मालाला आधी चार चाकी, वीस-बावीस टनांच्या वाघिणी, मग साठच्या दशकातली बॉक्स आणि ऐंशीच्या दशकापासून बॉक्सएन. वाघिणीला 'कांदा' असा नेमका माल लिहू नका, मालाचे वर्ग लिहा, म्हणजे दुसरा उद्योगसंच जोडला तरी वाघीण चालते. २०२० च्या देवळाली-दानापूर किसान रेलसाठी झाकलेल्या पार्सल डब्याला 'एक्स्प्रेस' वर्ग जोडा.

चित्रांत थोडी मेहनत वाचते: खेकडा दोन्ही बाजूंनी सारखा, त्याला चार दिशांची चित्रं पुरतात, डब्ल्यूडीएम-२ आणि वाफेच्या इंजिनांना आठ लागतात. पॅलेटमधले (खेळाच्या ठरावीक रंगसंचातले) पाण्यासाठी राखलेले हलते रंग चुकून वापरले तर इंजिन चमचमायला लागतं. फाइल बांधण्याआधी ते रंग शोधून काढा.

शेवटी चाचणी. खेळ १९३०, १९५६, १९७२ आणि १९९९ अशा चार सालांपासून सुरू करून बघा. दर वेळी खरेदीची यादी उघडा आणि ५०० टनांची एक गाडी घाटावर सोडा. एका कामाला दोन इंजिनं दिसली तर एक काढा, एखाद्या कामाला एकही नसेल तर आधीच्याचं मॉडेल लाइफ वाढवा. डब्ल्यूसीजी-१ ची गाडी चढावर ताशी ५० पेक्षा बरीच जोरात पळाली तर गुणांक तपासायच्या आधी ताकदीचा आकडा बघा. बहुतेक वेळा एचपीचा आकडा किलोवॅट म्हणून पडलेला असतो.