मुरूम-खडीची खाण चालवताय? या चुका टाळा

नाशिक-दिंडोरी पट्ट्यात नव्याने खाण घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "रोज किती ब्रास माल निघेल?" वरच्या काळ्या मातीचं काय करायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि सगळ्यात महाग चूक तिथेच होते.

आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि डोक्यावर मातीचा थर. माळावर तर जेमतेम वीतभर. दिंडोरीकडच्या एका मालकाने हा थर सुरुवातीलाच द्राक्षबागेसाठी विकून टाकला. चार पैसे सुटले, गडी खूश. खाण संपल्यावर खड्डा भरायची वेळ आली तेव्हा मिळेल तो राडारोडा ओतला, वर मुरूम पसरला आणि डाळिंब लावलं. पावसाळ्यात भराव बसला, मधोमध खळगा पडून पाणी साचलं, झाडं पिवळी पडली. मी बघायला गेलो तेव्हा फावडं मारलं की फरशीचे तुकडे आणि सिमेंटच्या गोण्या वर येत होत्या. शेवटी भराव उपसून माती विकत आणावी लागली, तीही दुप्पट भावाने.

माझा शिरस्ता असा: माती आधी काढायची, बांधालगत वेगळी ठेवायची, ढीग पुरुषभर उंचीच्या आत. त्यावर ताग पेरायचा, डंपर चढू द्यायचा नाही. भरताना आधी तळ रिपरने (यंत्राला लावायच्या दात्याने) फोडायचा, कारण चाकांखाली तो फरशीसारखा घट्ट झालेला असतो. मग दगड, त्यावर मुरूम, सगळ्यात शेवटी माती.

दुसरा वैताग म्हणजे खालून पोखरणं. "वरचं आपोआप ढासळेल, डिझेल वाचेल." ढासळतं खरं, पण कधी ढासळायचं ते तुम्हाला विचारून ठरत नाही. १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे खाणींच्या सुरक्षेच्या नियमांत, स्पष्ट आहे: मुरूम-मातीत कडेचा उतार ४५ अंशांच्या आत, नाहीतर जास्तीत जास्त दीड मीटर उंचीच्या पायऱ्या आणि रुंदी निदान उंचीएवढी. पाऊस पडून गेला की मी आधी काठावर फिरतो. काठाला समांतर भेग दिसली की त्या बाजूला पोकलेन बंद, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो.

ब्रासचा हिशोब रोजच्या रोज लिहा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण खोदलेला मुरूम फुगतो. डंपरचं माप आणि खड्ड्याचं माप जुळणार नाही. परवान्याबाहेर उपसा केलात तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो.

खाणीच्या जागी झाडं लावताना फोटोपुरते गुलमोहर नकोत. करंज, कडुनिंब लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घाला.

खड्ड्याचं शेततळं करणार असाल तर अस्तराचा प्लॅस्टिक कागद धरूनच खर्च काढा, मुरमात पाणी ठरत नाही. कुंपण आधी, पाणी नंतर. कागदावरून पाय घसरतो, म्हणून काठाला दोर बांधून आत सोडून ठेवा.