रद्दीच्या लगद्याची टोपली: मेथी किती, पाणी किती आणि तडा का जातो

कागद भिजवणं, वाटणं, थापणं ही कामं शाळकरी पोरंही करतात. टोपली बिघडते ती वाळताना. लगदा वाळला की आकसतो, आणि ज्या भांड्यावर तो थापलेला असतो ते काही आकसत नाही. तडे, वाकलेला काठ, भांड्याला घट्ट बसलेली टोपली, बुरशी अशा बहुतेक तक्रारी या एका गोष्टीतून किंवा सावकाश वाळण्यातून येतात. त्यामुळे खाली थापण्यापेक्षा वाळवण्यावर जास्त लिहिलं आहे.

खालचं माप सुमारे २५ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच अशा एका टोपलीचं आहे.

कोरडा कागद ३०० ग्रॅम, म्हणजे सोळा पानी वर्तमानपत्राचे साधारण चार अंक. मेथीदाणे ६० ग्रॅम, म्हणजे पाच मोठे चमचे. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा एक तुकडा आणि चमचाभर गोडेतेल. साच्यासाठी एक भांडं.

कागद निवडताना गुळगुळीत, चकचकीत मासिकं बाजूला काढा. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, त्याचा लगदा पिठूळ होतो आणि वाळल्यावर भुगा पडतो. चहाचे कागदी कपही नकोत, आत प्लास्टिकचा पापुद्रा असतो. अंड्यांचे ट्रे मात्र सोडू नका. ते मुळात लगद्याचेच असल्यामुळे तासाभरात विरघळतात. खोक्याचा खाकी पुठ्ठा सर्वांत चिवट, पण त्याला भिजायला दुप्पट वेळ लागतो. वर्तमानपत्र दोन भाग आणि पुठ्ठा एक भाग असं मिश्रण टोपलीला चांगलं. स्टेपलच्या पिना आधी काढा, मिक्सरचं पातं त्यांनीच जातं.

कागदाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे हातानं फाडा. कात्रीनं कापलेल्या कडेला तंतू सुटे होत नाहीत, फाडलेल्या कडेला होतात. बादलीत तुकडे बुडून वर चार बोटं पाणी राहील असं भिजत घाला. वर्तमानपत्राला एक दिवस पुरतो, पुठ्ठ्याला दोन. उन्हाळ्यात रोज पाणी बदला, नाहीतर आंबट वास धरतं. घाई असेल तर जुन्या पातेल्यात वीस मिनिटं उकळून घ्या.

मिक्सरमध्ये वाटताना मूठभर भिजलेला कागद आणि पेलाभर पाणी, यापेक्षा जास्त एका वेळी नको. वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. पिळलेला कोरडा लगदा तसाच वाटायला गेलात तर मोटर तापून जळका वास येईल. भांडंही स्वयंपाकातून बाद केलेलं घ्या, कारण त्यात शाई उतरते. एक चिमूट लगदा पेलाभर पाण्यात हलवून पाहा. कागदाचे तुकडे तरंगताना दिसले तर अजून वाटा, धूसर ढगासारखं पाणी झालं तर पुरे. पीठ होईपर्यंत मात्र वाटू नका. तंतू तुटले की टोपलीची ताकद गेली. आणि हे पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही. फडक्यातून गाळा, नाहीतर पाइपात लगदा साचून प्लंबरला बोलवावं लागतं.

मेथी आदल्या रात्री दीड पेला पाण्यात भिजवायची आणि सकाळी त्याच पाण्यासकट बारीक वाटायची. मेथीत चिकट डिंकासारखा भाग भरपूर असतो, तोच कागदाचे तंतू धरून ठेवतो. तिच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही, असं जुन्या बायका सांगत आल्या आहेत. निदान मैद्याच्या खळीवर झुरळं जशी येतात तशी मेथीवर येत नाहीत. प्रमाण कागदाच्या पाचवा हिस्सा. कमी पडली तर वाळल्यावर पोपडे सुटतात. जास्त झाली तर लगदा हाताला आणि भांड्याला चिकटतो, वाळताना जास्त आकसतो आणि पावसाळी हवेत टोपली वास मारते. लगद्यात पांढरा फेविकॉल घालण्याची टूम सध्या आहे. टोपली कडक होते हे खरं, पण खर्च वाढतो आणि मेथी योग्य प्रमाणात असेल तर त्याची गरजही नाही. फेविकॉल शेवटच्या थरासाठी राखून ठेवा.

मेथी घातलेला लगदा उन्हाळ्यात एका दिवसात आंबतो, म्हणून मेथी थापायच्या दिवशीच मिसळा. त्याआधी लगदा फडक्यात घालून पिळून घ्या. मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंब निघावेत, धार नाही. तीनशे ग्रॅम कागदाचा असा पिळलेला लगदा साधारण सव्वा किलो भरतो. त्यात मेथी घालून दहा मिनिटं चांगला मळा. थालीपीठ थापण्याइतका मऊ झाला की झालं.

आता भांडं. तोंड रुंद आणि बूड अरुंद असलेलंच घ्या, जसं घमेलं, वाडगा किंवा उतरत्या भिंतीचा टोप. आत वळलेल्या काठाची तपेली किंवा कळशी घेतलीत तर टोपली निघणार नाही, कापावी लागेल.

पालथ्या भांड्यावर बाहेरून थापणं ही रूढ पद्धत. हाताला सोपी, आतली बाजू गुळगुळीत येते. पण लगदा आकसतो तो भांड्याला आवळत आवळत, आणि आवळायला जागा उरली नाही की तडा जातो, बहुधा काठापासून उभा. भांड्याच्या आतून थापलं तर उलटं होतं. आकसलेली टोपली भिंतीपासून आपोआप सुटते. पहिल्यांदा करणाऱ्यानं आतूनच थापावं.

बाहेरून थापायचं असेल तर भांड्याला तेलाचा हात लावा, त्यावर ओलं सुती फडकं सुरकुती न ठेवता पसरा आणि त्यावर थापा. फडकं जरा बाहेर लोंबतं ठेवा, पुढे तेच धरून ओढायचं आहे.

बुडापासून सुरुवात करून काठाकडे या. जाडी सगळीकडे ७-८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या निम्म्याहून थोडी जास्त. काडेपेटीच्या काडीवर ८ मिलिमीटरला खूण करा आणि ठिकठिकाणी टोचून पाहा. बूड नकळत जाड होतं आणि भिंत पातळ. पातळ भाग आधी वाळून जाड भागाला ओढतो, मग टोपली वाकडी बसते. काठ मात्र मुद्दाम आणखी दोन मिलिमीटर जास्त जाड ठेवा, उचलताना जोर तिथेच येतो. गोळ्यांचे जोड अंगठ्यानं एकमेकांत ओढून घ्या आणि शेवटी वाटीच्या बुडानं किंवा ओल्या तळव्यानं दाबून साफ करा.

पहिला दिवस सावलीत, पंख्याखाली. थेट मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर वरची साल कडक होते, आत ओल राहते आणि तडे जातात. साधारण एका दिवसानं, दमट हवेत दोन दिवसांनी, वरून हात लावला तर ओला होत नाही, पण दाबलं तर किंचित दबतं. टोपली काढण्याची वेळ हीच. फडकं हलके ओढत भांडं सैल करा आणि टोपली उपडी ठेवा. यापेक्षा थांबलात तर भांड्यावर आवळून बसेल. आधी काढलीत तर काठ बसेल. काठ जरासा अंडाकृती झाला असेल तर आताच हातानं गोल करून घ्या, नंतर होणार नाही. आतून थापलेली टोपली सुटली की तीही बाहेर काढा. स्टीलच्या भांड्यातून पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे भांड्याकडची बाजू तशीच ओली असते.

दुसऱ्या दिवसापासून ऊन द्या आणि दर दोन-तीन तासांनी उलथा. देशावर किंवा विदर्भात एप्रिलमध्ये तीन-चार दिवस पुरतात, कोकणात आठवडा लागू शकतो. श्रावणात हे काम काढू नका. चौथ्या दिवशीही बूड गार लागत असेल तर काळे ठिपके येण्याच्या बेतात आहे असं समजा आणि पंख्याखाली जाळीवर ठेवा. हाताचा अंदाज फसतो, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं की टोपली वाळली. या मापाची टोपली ३५० ते ४०० ग्रॅमच्या आसपास यावी. पाचशे भरत असेल तर उरलेलं पाणी आहे.

तडा गेलाच तर कोरड्या भेगेत ओला लगदा भरू नका, धरत नाही. आधी भेगेच्या दोन्ही कडा पाण्यानं मऊ करा, मग मेथीचा लगदा आत दाबा आणि वरून सुती कापडाची पट्टी फेविकॉलनं लावा.

वाळल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खडबड काढा, मग १५० नंबरचा फिरवा. तोंडाला रुमाल बांधा, भुगा बारीक असतो. काठाला जुन्या साडीची तिरकी कापलेली, तीन बोटं रुंद पट्टी चिकटवा, सरळ कापलेली गोलाईवर चुण्या पाडते. चिकटवायला खळ करायची तर दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, लहान मुलांच्या घरात नको.

रंगाला गेरू छान दिसतो. नुसता पाण्यात कालवून लावला तर हाताला लागत राहतो, म्हणून चार चमचे गेरूला एक चमचा फेविकॉल घाला. पातळ दोन हात, मध्ये पूर्ण वाळू देऊन. त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकनं वारली चित्रं काढली तर उठून दिसतात.

टोपलीत काय ठेवायचं, हे आधीच ठरवा. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार छापील वर्तमानपत्रात अन्न बांधायला किंवा ठेवायला मनाई आहे, आणि शाई लगद्यातही राहतेच. पापड-कुरडया अशा टोपलीत सुट्या ठेवू नका, डब्यासकट ठेवा. कांदे-लसूण, लोकर, चाव्या, औषधांची पाकिटं यांना काही हरकत नाही. ओल्या फरशीवर मात्र टेकवू नका, बूड पाणी शोषतं.

इतका खटाटोप नको असेल तर घरातली जुनी, सुटलेली बांबूची टोपली किंवा सूप घ्या. त्यावर हाच लगदा ३-४ मिलिमीटर जाड लिंपा. आज बाहेरून, ती बाजू वाळली की आतून. लगदा कामट्यांच्या फटींत रुतून बसतो, साचा लागत नाही, काढायची भानगड नाही आणि तडा गेला तरी टोपली मोडत नाही. लिंपण्याआधी कामट्यांवर पाणी शिंपडा, कोरडा बांबू लगद्यातलं पाणी ओढून घेतो आणि थर सुटतो.

उरलेला, मेथी न घातलेला लगदा पिळून चपट्या वड्या करून उन्हात वाळवा. कितीही महिन्यांनी रात्रभर भिजवून पुन्हा मिक्सरमधून काढला की वापरता येतो.