इकॉलॉजी नव्याने शिकताय? चाळकेवाडीच्या सड्यापासून सुरुवात करा

इकॉलॉजीचा पेपर सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात प्रजाती, पॉप्युलेशन, कम्युनिटी, इकोसिस्टिम, हॅबिटॅट, निश असे सगळे शब्द एकदम येतात, बहुतेक मुलं ते घोकतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. मला हा विषय खरा कळायला लागला तो सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर फिरताना, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते की एखादी जागा धरा आणि सगळे शब्द त्याच जागेवर तपासून बघा. ठोसेघरच्या पुढे गेलं की हे पठार लागतं, पवनचक्क्यांमुळे लांबूनच ओळखू येतं.

आधी प्रजाती. एप्रिल-मेच्या उन्हात या सड्यावर दगडावर चढून गळ्याची निळी-काळी-केशरी झालर फुलवणारा सरडा दिसतो, तो सारडा सुपर्बा. झालर फक्त नराला, ती माद्यांना दाखवायला आणि दुसऱ्या नरांना दम द्यायला. या गटातले सरडे पूर्वी सगळे सिताना या एकाच वंशात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एकाच गटात धरायचे, 2016 साली संशोधकांनी अंगाची ठेवण आणि डीएनए दोन्ही तपासून सारडा हा वेगळा वंश केला आणि सुपर्बा ही त्यातली नवीन प्रजाती जाहीर झाली. पुस्तकात लिहिलेलं असतं की आपसात प्रजनन करून जननक्षम पिल्लं देणारे जीव म्हणजे एक प्रजाती, अर्न्स्ट मायरने 1942 मध्ये मांडलेली व्याख्या आहे ती, पण प्रत्यक्षात कुणी सरड्यांची लग्नं लावून बघत नाही, पुरावे गोळा करून ठरवावं लागतं आणि नवीन पुरावा आला की यादी बदलते. हे लक्षात ठेवलंत तर जुन्या-नव्या पुस्तकांत नावं वेगळी दिसली तरी गोंधळ होणार नाही.

आता पॉप्युलेशन. एका प्रजातीचे, एका वेळी, एका जागी राहणारे, एकमेकांशी जोडी जमवू शकणारे जीव. सड्याच्या कडेला खोल दरी आणि दाट झाडी, उघड्या खडकावर राहणाऱ्या जीवाला ती म्हणजे समुद्रच, म्हणून पठारावरची पॉप्युलेशन बरीचशी आपल्यापुरतीच राहते. इथे नुसतं 'खूप सरडे दिसले' म्हणून चालत नाही, घनता काढायची. समजा 100 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद पट्टा सावकाश चालत गेलात आणि 6 सरडे दिसले, तर 2000 चौरस मीटरला 6, म्हणजे हेक्टरी 30. असे बरेच पट्टे, तेही साधारण एकाच वेळेला आणि सारख्या हवेत करायचे, कारण ढग आला की सरडे दडतात आणि तुमचा आकडा पडतो, सरडे मात्र तेवढेच असतात.

पर्यावरण म्हटलं की आपल्याला झाडंच आठवतात. सड्यावर झाडं जवळपास नाहीतच, जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, उन्हाळ्यात खडक तापलेला, पावसाळ्यात पाणी साचून डबकी, आणि मग त्याच जागी गेंद, सीतेची आसवं असल्या फुलांचे गालिचे. सीतेची आसवं तर कीटक खाणारी वनस्पती आहे, माती इतकी निकस की नायट्रोजन कीटकांतून मिळवावा लागतो. अशा जागेला सरकारी कागदावर सरळ पडीक म्हणून टाकतात ह्याचा मला खरंच राग येतो. आणि कुणी उत्साहाने खड्डे खणून तिथे झाडं लावली तर उघड्यावर जगणाऱ्या जीवांची जागाच जाते, हिरवं केलं म्हणजे भलं केलं असं प्रत्येक ठिकाणी होत नाही.

सगळ्यात मोठा धडा पवनचक्क्यांचा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली, 2018 मध्ये ते काम छापून आलं. पवनचक्क्यांच्या भागात सरडे खाणारे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. मग सरडे वाढले. इथवर कुणालाही अंदाज येईल. पण पुढे बघा, तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी, माणूस बराच जवळ गेला तरी ते पळत नाहीत, म्हणजे भीतीच कमी झालेली, आणि तरीही ते धष्टपुष्ट नाहीत, उलट अंगाने बारीक आणि नरांच्या झालरीचा रंग फिका. कारण एवढ्याच जागेत तोंडं वाढली, कीटकांसाठी स्पर्धा वाढली. पॉप्युलेशन दाट झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं हे आपण डेन्सिटी डिपेंडन्स म्हणून पाठ करतो, ते इथे सरड्याच्या गळ्यावर दिसतं. पक्षी, सरडे, कीटक मिळून कम्युनिटी, त्यात खडक, ऊन, पाऊस धरला की इकोसिस्टिम, आणि वरची एक कडी हलली की खालपर्यंत धक्के जातात. मी नव्या मुलांना व्याख्यांच्या आधी हाच अभ्यास समजावून सांगते, एकाच उदाहरणात अर्धा सिलॅबस येतो.

तुम्हाला साताऱ्याला जायला जमेलच असं नाही, गावाजवळचं माळरान, तळं, शाळेमागचा ओढाही चालेल, फक्त जागा बदलत राहू नका, तीच जागा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा बघा. वहीत तारीख, वेळ, हवा, किती बघितले आणि किती क्षेत्र चाललात हे लिहाच, क्षेत्र नसेल तर आकड्याचा उपयोग नाही. आणि दिसलं नाही तेही लिहा, शून्य हीसुद्धा नोंदच असते. पुढे एमेस्सी किंवा रिसर्चचा विचार असेल तर स्टॅटिस्टिक्सला घाबरून मागे ठेवू नका, आर ही स्टॅटिस्टिक्ससाठी वापरतात ती प्रोग्रामिंगची भाषा शिकायला आत्ताच घ्या, स्वतःच्या वहीतल्या आकड्यांवर शिकलात तर लवकर येतं. सड्यावर दगड उलटे करू नका, त्यांच्याखाली विंचू, पाली, बेडूक राहतात. प्राणी पकडून मोजमाप घ्यायचं असेल तर आधी वनविभागाला विचारा, तोवर दुर्बीण आणि वही एवढ्यावर भरपूर काम होतं.