दूध संस्थेचं बिल, ओआरएम आणि हाताने लिहिलेलं एसक्यूएल

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेसाठी मी वेब ॲप करतोय. ३४० सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, दर दहा दिवसांनी बिल. डेटाबेस पोस्टग्रेस, बाकी जँगो (पायथन भाषेतलं वेब ॲप बांधायचं फ्रेमवर्क). बेळगावात नवीन कामाला लागलेली पोरं मला विचारतात, ओआरएम घेऊ की एसक्यूएल? एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, आणि ओआरएम म्हणजे आपल्या प्रोग्रॅमवरून ते एसक्यूएल स्वतःच लिहून देणारी सोय. मी म्हणतो, आधी कागद घ्या आणि ॲपला डेटाबेसकडून काय काय लागणार ते लिहून काढा. कुठे एकेक नोंद ठेवायची आहे, कुठे हजारो नोंदींची बेरीज हवी आहे.

सभासद नोंदवणं, दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) भरणं, चुकलेलं नाव सुधारणं, हे सगळं ओआरएमवर सोडा. आमच्याकडे नाव मराठीत आणि कन्नडमध्येही लागतं. कन्नडचा रकाना नंतर वाढवला, तेव्हा मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलायची ओआरएमची सोय) ते काम चहा होईपर्यंत झालं.

बिलाचं मात्र तसं नाही. सुरुवातीला मी सभासदांवर लूप फिरवला: यादीची एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), वर बेरजांच्या ३४०. पान उघडेना. मग ओआरएमलाच दूध आणि कपात यांची बेरीज एका क्वेरीत मागितली. पान झटकन आलं, पण एका मावशींच्या १,२०० रुपयांच्या पेंडीच्या पोत्याची कपात २४,००० दिसली! दहा दिवसांच्या २० दूधनोंदींना कपातीची ती एकच ओळ जोडली गेली आणि २० वेळा मोजली गेली. छापण्याआधी दिसलं म्हणून बरं, मावशींचं घर त्या बिलावर चालतं.

तेव्हापासून पैशाची क्वेरी मी हाताने लिहितो. दुधाची बेरीज सभासदवार वेगळी, कपातीची वेगळी, मग दोन्ही जोडायच्या. बाहेरून आलेली माहिती, म्हणजे कुणी भरलेलं नाव किंवा आकडा, क्वेरीच्या मजकुरात कधीच चिकटवू नका, पॅरामीटर म्हणूनच, म्हणजे मजकुरापासून वेगळी द्या. आपल्या भागात डिसोझा आडनाव आहे. इंग्रजीत ते अपॉस्ट्रॉफी घालून लिहिलं, की चिकटवलेली क्वेरी तिथेच तुटते. घुसखोरही त्याच फटीतून आत येतो.

स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला कोड, एकाच डेटाबेसमध्ये अनेक प्रोग्रॅम नोंदी लिहीत असतील तरच घ्या. आमचा एकच आहे, म्हणून नाही घेतल्या.

ॲप बनवताना क्वेरी लॉग (चाललेल्या क्वेरींची नोंद) चालू ठेवा आणि पाच नव्हे, ३४० सभासद भरून बघा. मग सेक्रेटरींच्या वहीवरून दोन-चार बिलं हाताने करा आणि पैशापैशाने ताडा.