गाडी उचलणारा हिरो कॅरेक्टर शीटवर कसा उतरवायचा

जून 1938 च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅनने हिरवी मोटार डोक्यावर उचलून धरली आहे. तो एक अष्टमांश मैल लांब उडी मारतो, असंही त्याच अंकात छापलंय. उडणं बरंच पुढचं. असा हिरो टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्राच्या भूमिकेतून खेळायचा खेळ) आणायचा म्हटला की नवखा खेळाडू कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या क्षमतांच्या कागदावर, पहिल्यांदा ‘स्ट्रेंथ 20’ लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या मुखपृष्ठाला सहा पुरतात.

हे सहा कुठून आले ते पाहू. इथे नियम ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ या सुपरहिरो गेमच्या तिसऱ्या आवृत्तीचे धरले आहेत. कारण त्यात वजन, अंतर आणि वेळ हे तिन्ही एकाच रँकच्या शिडीवर बसतात.

शिडीची प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. वजनाचा रँक 0 म्हणजे 50 पौंड, अंतराचा रँक 0 म्हणजे 30 फूट आणि वेळेचा रँक 0 म्हणजे 6 सेकंद, म्हणजे लढाईतली एक फेरी (राउंड). पौंडांची सवय नसेल तर आकडा निम्मा करून किलो समजा: 25, 50, 100, 200, 400, 800 आणि सहाव्या रँकला 1600 किलो. सातव्यापासून पुस्तक टनांत बोलतं: 3, 6, 12, मग दहाव्या रँकला 25. हा अमेरिकन टन 907 किलोंचा असतो, तेव्हा तिथे आकडा आहे तसाच ठेवला तरी चालतं. अंतराची शिडी 30, 60, 120, 250, 500, 900 फूट अशी चढते आणि आठव्या रँकला एक मैल होतो. जिथे गोळाबेरीज दिसते तिथे मुद्दाम केलेली आहे, कॅल्क्युलेटर घेऊन भांडू नका.

त्या काळची मोटार साधारण दीड टनाची धरली तर ती सहाव्या रँकमध्ये मावते. दोन रँकांच्या मध्ये अडकलेलं वजन नेहमी वरच्या रँकला न्यायचं. स्ट्रेंथ 6 ने ती उचलता येते, पण फेकता किती लांब येईल? स्ट्रेंथमधून वजनाचा रँक वजा करा. सहातून सहा गेले, अंतराचा रँक 0, म्हणजे 30 फूट. उडीसाठी लीपिंग नावाची पॉवर आहे. तिच्या रँकमधून 2 वजा केले की अंतराचा रँक मिळतो. अष्टमांश मैल म्हणजे 660 फूट. ते 500 मध्ये बसत नाही, म्हणून 900 फुटांचा रँक 5, आणि त्यासाठी लीपिंग 7. क्षमता पॉइंट देऊन विकत घ्यायच्या असतात: स्ट्रेंथला रँकमागे 2 पॉइंट, लीपिंगला 1. एकूण खर्च 19. पॉवर लेव्हल (हिरो किती बलवान असू शकतो याची मर्यादा) 10 असलेल्या हिरोकडे 150 असतात. एवढ्या स्वस्तात 1938 चा सुपरमॅन अर्धाअधिक उभा राहतो.

रोजचं काय, एकदाचं काय

पराक्रम मोजण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हिरो हे दर अंकात करतो, की एकदाच केलं आणि वाचक अजून त्याबद्दल बोलतात? दर अंकातलं पॉइंट मोजून विकत घ्यायचं. एकदाचं कधीच नाही. बहुतेक फसलेली शीटं इथेच फसतात. खेळाडू आवडत्या पात्राचं सर्वांत गाजलेलं पान उघडतो आणि तेच त्याचं नेहमीचं बळ समजतो.

टोकाचं उदाहरण 1984 चं. ‘सीक्रेट वॉर्स’च्या चौथ्या अंकात हल्क 150 अब्ज टनांचा डोंगर अंगावर तोलून धरतो. शिडीवर मोजलं तर दर दहा रँकला वजन साधारण हजारपट होतं: रँक 10 ला 25 टन, 20 ला 25 हजार, 30 ला 25 दशलक्ष, 40 ला 25 अब्ज. हल्कचा डोंगर 43 व्या रँकवर जातो. नुसत्या स्ट्रेंथला 86 पॉइंट, आणि तो आकडा पॉवर लेव्हलच्या मर्यादेत बसणारही नाही. हा प्रसंग आहे, आकडा नव्हे. गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) तो डोंगर शीटवर न आणता सीनमध्ये ठेवावा. हल्कच्या खेळाडूला दर राउंडला काहीतरी मोजायला लावावं आणि तेवढ्यात बाकीच्यांनी बाहेर पडायची वाट शोधावी. कॉमिकमध्येही तेच घडतं.

छोटा पण जास्त उपयोगी नमुना स्पायडरमॅनचा. फेब्रुवारी 1966 च्या ‘ॲमेझिंग स्पायडरमॅन’ 33 मध्ये तो अजस्र यंत्राखाली चिरडलेला आहे, वरून पाणी गळतंय, आणि पानामागून पान तो ते यंत्र वर रेटतो. मार्व्हलच्या हँडबुकात त्याची ताकद दहा टनांच्या आसपास दिली आहे, म्हणजे स्ट्रेंथ 9 (12 टन). यंत्राला 25 टन द्या. स्ट्रेंथपेक्षा बरोबर एक रँक वर.

खेळाडू ‘एक्स्ट्रा एफर्ट’ (आवाक्याबाहेरचा जोर) जाहीर करतो. पुढची पाळी येईपर्यंत स्ट्रेंथ एक रँकने वाढते, यंत्र हलतं. पुढच्या पाळीच्या सुरुवातीला हिरो थकलेला होतो. पुन्हा तेच केलं तर पार गळतो, तिसऱ्यांदा कोसळतो. हिरो पॉइंट (खेळताना गेममास्टरकडून मिळणारा बक्षिसाचा पॉइंट) खर्च केला तर थकवा टळतो. इथे फासा टाकायचाच नाही. यंत्र उचलता येईल का, हे ठरलेलंच आहे. किती किमतीला, एवढाच प्रश्न. त्यासाठी खेळाडूच्या हातात निदान एक हिरो पॉइंट असायला हवा, म्हणून आधीच्या सीनमध्ये त्याच्या एखाद्या कॉम्प्लिकेशनला (पात्राच्या मागे लागलेल्या अडचणीला) डिवचून तो देऊन ठेवा: आजारी मावशी, चुकलेली वेळ, काहीही.

नेहमीची चूक म्हणजे गेममास्टर भारावून यंत्र 100 टनांचं करतो. एक्स्ट्रा एफर्टने एकच रँक मिळतो. तीन रँकांची दरी त्याने भरत नाही, आणि खेळाडू यंत्राखाली पडून नियमपुस्तक चाळत बसतो.

ताकद वाढली की नेम जातो

पॉवर लेव्हल 10 ला हल्ल्याचा बोनस (नेमासाठी फाशात मिळवायचा आकडा) आणि डॅमेज रँक (माराचा जोर) यांची बेरीज 20 च्या वर जाता कामा नये. स्ट्रेंथ हीच ठोशाचा डॅमेज रँक असते. म्हणजे 400 टन उचलण्यासाठी स्ट्रेंथ 14 घेतली की हल्ल्याचा बोनस 6 वर थांबतो. असा हिरो इमारती पेलतो आणि ठोसे मात्र हवेत मारतो. चुकून लागलाच तर वेगळीच पंचाईत. मार खाणाऱ्याला वीस बाजूंच्या फाशात आपला टफनेस (चिवटपणा) मिळवून 15 अधिक डॅमेज रँक एवढा आकडा गाठावा लागतो, इथे 29. टफनेस 10 च्या खलनायकाला फाशावर 19 किंवा 20 च हवेत. लढाई दोन ठोशांत संपते.

तोडगा असा: स्ट्रेंथ 8 घ्या आणि वर सहा रँकची वाढीव स्ट्रेंथ, फक्त उचलण्यापुरती. या मर्यादेमुळे ती रँकमागे 1 पॉइंटला मिळते. खर्च 16 अधिक 6, म्हणजे 22. सरळ घेतली असती तर 28. ठोसा रँक 8 चा, बोनस 12 पर्यंत चालतो, आणि समोरच्याला 23 गाठायचे असल्याने फाशावर 13 लागतात. लढाईत दम राहतो. ही वाढीव ताकद फेकायला वापरायची की नाही, हे पहिल्या सेशनआधीच गेममास्टरशी ठरवून घ्या. वाद हमखास तिथेच होतो.

टाळी वाजवून गर्दी आडवी करणं

कॉमिकमधला बलदंड हिरो मधूनच दोन्ही हात आपटतो आणि समोरचे दहा जण उडतात. दर वेळी नाही, कधीतरी. हे ‘पॉवर स्टंट’चं काम: एक्स्ट्रा एफर्ट करून असलेल्या पॉवरचा तात्पुरता पर्याय घडवायचा, मूळ पॉवरच्या किमतीतच. स्ट्रेंथ 10 चे 20 पॉइंट होतात. डॅमेज रँकमागे 1, त्याला कोन एरिया (शंकूच्या आकारात पसरणारा मार) जोडला की आणखी 1. दहा रँकचे बरोबर 20. साठ फुटांच्या पंख्यात सापडलेल्या प्रत्येकाने डॉज चेकवर (मार चुकवण्यासाठी टाकलेल्या फाशावर) 20 गाठले तर निम्मा मार, नाहीतर पूर्ण.

खाच एकच: स्टंट पॉवरमधून निघतो, साध्या ॲबिलिटीमधून (पात्राच्या मूळ गुणामधून) नाही. म्हणून अशा हिरोची स्ट्रेंथ ‘एन्हान्स्ड स्ट्रेंथ’ म्हणून लिहा, किंमत तीच पडते. आणि तिसऱ्यांदा टाळी वाजली की खेळाडूला 1 पॉइंट खर्चून ती कायमचा पर्याय म्हणून घ्यायला सांगा.

गोळ्या, भिंती, वेग

छातीवरून गोळ्या घरंगळणं सोपं आहे. टफनेसला ‘इम्पर्व्हियस’ जोडलं की त्याच्या निम्म्या रँकपर्यंतचा मार जाणवतच नाही. असॉल्ट रायफलचा डॅमेज 5, म्हणून इम्पर्व्हियस 10 पुरे. त्यापुढचा प्रत्येक पॉइंट बहुधा वाया.

भिंतीसाठी इंचभर जाडीला लाकडाचा टफनेस 3, दगडाचा 5, लोखंडाचा 7, पोलादाचा 9 आणि जाडी दुप्पट झाली की एक वाढवायचा. आठ इंची दगडी भिंत म्हणजे 8. भिंतीसाठी फासा टाकत बसू नका, दहा पडले असं धरा: 18. दहा रँकच्या ठोशाला 25 लागतात, फरक 7, म्हणजे दोन पायऱ्यांचं अपयश. भिंतीला आरपार भोक.

वेगासाठी अंतराच्या रँकमधून वेगाचा रँक वजा केला की वेळ मिळते. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन साधारण सव्वादोनशे मैल, रँक 16. स्पीड 10 असेल तर उरले 6, म्हणजे आठ मिनिटं. (मुंबई–पुणे रँक 15, चार मिनिटं. घाटात ट्रॅफिक नसेल असं समजू.) पण स्पीडने हाणामारीत काहीच मिळत नाही, आणि धावपटू घडवणारे हे हमखास विसरतात. एका चौकटीत आठ गुंड लोळवायचे तर ‘टेकडाउन’चे दोन रँक घ्या: एक किरकोळ गुंड पडला की लगेच पुढच्यावर हल्ला, मध्ये हलण्याची मुभा. जळत्या इमारतीतली कपाटं क्षणात रिकामी करायला ‘क्विकनेस’ (कामं झटपट उरकण्याची पॉवर) लागतं, ते वेगळं विकत घ्यायचं.

टेबलवर ‘चॅम्पियन्स’ हा दुसरा सुपरहिरो गेम खेळत असाल तर शिडी तीच, पायरी वेगळी. एसटीआर (तिथली स्ट्रेंथ) 10 ला 100 किलो, आणि दर पाच पॉइंटांना दुप्पट. एसटीआर 60 ला शंभर टन भरतात. 1938 च्या मोटारीला तिथे 30 पुरतात.